बिली बॉस्टन : फिर्याद आणि कैफियत

एखाद्या थोर खेळाडूच्या कारकीर्दीचे मोल ठरवताना त्याने काय मिळवले एवढेच पाहावे, की जे त्याला मिळवू दिले गेले नाही त्याचाही जाब विचारावा, या प्रश्नावर माझ्या दोन वडीलधाऱ्या स्नेह्यांचा वाद दीर्घकाळ चालू आहे. आणि त्या वादाचे निमित्त झाला आहे वेल्समधील कार्डिफ शहरी ६ ऑगस्ट १९३४ रोजी जन्मलेला विल्यम जॉन बॉस्टन, ज्याला इंग्लंडच्या उत्तरेकडील सारा मुलुख बिली बॉस्टन या नावाने ओळखतो. दोघांपैकी भाऊसाहेब जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले असून समतेच्या लढ्यांचा इतिहास हा त्यांच्या वाचनाचा व चिंतनाचा विषय आहे. दुसरे आमचे गुरुजी. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवण्यात त्यांची हयात गेली, आणि कन्या लँकेशायरमध्ये वैद्यकीय सेवेत असल्यामुळे त्या प्रांती राहण्याचा व रग्बी लीगचे सामने प्रत्यक्ष पाहण्याचा योग त्यांना आला. या दोघांचे जे बोलणे मी ऐकले ते शक्य तितके त्यांच्याच शब्दांत येथे मांडतो.

"गुरुजी, तुम्ही मला ट्रायची संख्या सांगता, मी तुम्हाला त्या मुलाच्या घराचा पत्ता सांगतो," असे म्हणून भाऊसाहेबांनी आरंभ केला. "कार्डिफच्या गोदीलगतचा ब्यूटटाउन हा भाग, ज्याला जगाने टायगर बे हे नाव दिले, तो कोळशाच्या व्यापाराने वसवला. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून एडन, सोमालिया, वेस्ट इंडीज येथपर्यंतचे, आणि आपल्या हिंदुस्थानातलेही खलाशी त्या गोदीवर उतरले, काही तेथेच संसार थाटून राहिले. बॉस्टनचे वडील सिएरा लिओनचे खलाशी, आई कार्डिफचीच, आयरिश वंशाची. अकरा भावंडांत हा सहावा. याच शहरात १९१९ च्या जून महिन्यात गोऱ्या जमावांनी कृष्णवर्णीयांच्या घरांवर हल्ले केले, आणि त्या दंग्यात तीन माणसे प्राणास मुकली. पुढे १९२५ साली सरकारी फर्मान निघाले, की ज्या कृष्णवर्णीय खलाशापाशी ब्रिटिश प्रजाजन असल्याचा दाखला नसेल त्याने परकीय म्हणून पोलिसांच्या दप्तरी आपली नोंद करावी. ब्रिटिश अंमलाखालच्या भूमीत जन्मलेला आणि ब्रिटिश बोटींवर उमर घालवलेला मनुष्य एका कागदाच्या अभावी परका ठरे. अशा वस्तीत वाढलेल्या या मुलाच्या मनी आस काय होती, तर कार्डिफ क्लबचा आणि मग वेल्सचा पोशाख अंगावर चढावा! शालेय संघातून तो चमकला, वेल्सच्या युवक संघातून खेळला, नीथसारख्या नामांकित क्लबाने त्याला आपल्या संघात घेतले. कार्डिफ क्लबचे आर्म्स पार्क त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. त्या क्लबाने त्याला कधी बोलावले नाही."

गुरुजींनी हे शांतपणे ऐकून घेतले. "भाऊसाहेब, तुम्ही न्यायासनावर बसलेले आहात, म्हणून पुराव्याची गोष्ट तुम्हालाच विचारतो. त्याचा वर्ण पाहून त्याला वगळले असे त्या क्लबच्या कोणत्या कागदात लिहिले आहे? वेल्समधून उत्तरेकडे गेलेल्या खेळाडूंची रांग फार लांब आहे, आणि तिच्यातले बहुतेक गोरे आहेत; कोणी खाणीतले, कोणी पोलादाच्या कारखान्यातले, ज्यांना मंदीच्या काळात घर चालवणे अशक्य झाले. मुळात रग्बीची दोन शकले झाली तीच पोटाच्या प्रश्नावरून. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी रग्बी युनियन या मूळ संघटनेशी फारकत घेतली, कारण शनिवारी खेळायला गेलेल्या कामगाराची बुडालेली मजुरी भरून द्यावी ही त्यांची मागणी नामंजूर झाली होती. ज्यांची मजुरी बुडत नव्हती त्यांना हौशी खेळाचे तत्त्व परवडत होते. पुढे उत्तरेच्या या खेळाने १९०६ साली पंधरांचे तेरा खेळाडू केले, नियम बदलले, आणि त्याचीच रग्बी लीग झाली. बॉस्टन ज्या वाटेने गेला ती गरिबीची वाट होती, आणि ती वर्णाने आखलेली नव्हती."

"कागद मागता," भाऊसाहेब म्हणाले, "तर हाही कागदच आहे. वेल्सच्या रग्बी युनियनचा राष्ट्रीय संघ १८८१ साली प्रथम मैदानात उतरला. कार्डिफमधील कृष्णवर्णीयांची वस्ती ब्रिटनमधल्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी एक. त्या वस्तीतल्या एकाच शाळेतून बॉस्टन निघाला, पुढे हॅलिफॅक्सकडून ट्रायमागून ट्राय करणारा जॉनी फ्रीमन निघाला, हेवीवेट गटात ब्रिटनचा विजेता झालेला मुष्टियोद्धा जो अर्स्किन निघाला. क्रीडागुणांची एवढी दौलत हाताशी असताना १८८१ पासून तब्बल एक शतक वेल्सच्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू दिसत नाही. प्रत्येक निवडीला वेगळे कारण देता येईल. शंभर वर्षांच्या निवडींना एकच कारण उरते. नकार जेव्हा शिरस्ता बनतो तेव्हा तो इतिवृत्तात लिहून ठेवावा लागत नाही, गुरुजी. आणि जे गोरे खेळाडू उत्तरेकडे गेले त्यांच्यातल्या पुष्कळांनी आधी वेल्सचा लाल पोशाख घातला होता, मग पैशासाठी तो उतरवून ठेवला. यांना तो अंगावर चढवण्याची पाळीच आली नाही."

येथे गुरुजी थोडे थांबले, आणि हा मुद्दा आपल्याला खोडता येत नाही असे त्यांनी मोकळेपणाने म्हटले. मला स्वतःला त्यांच्या या कबुलीइतकेच त्यानंतरचे त्यांचे बोलणे महत्त्वाचे वाटते.

"तरीही भाऊसाहेब, तुमच्या फिर्यादीत बॉस्टन हा सतत कोणीतरी नाकारलेला मुलगा म्हणूनच उभा राहतो, आणि खेळणारा बॉस्टन त्यात कोठे दिसत नाही. मार्च १९५३ मधली गोष्ट घ्या. मुलगा अठरा वर्षांचा, लष्करी सेवेत कॅटरिकच्या छावणीत सिग्नल्स दलात असलेला, आणि लष्कराच्या सामन्यांत त्याच्या धावण्याचा बोलबाला झालेला. विगन क्लबची माणसे टायगर बेमधल्या त्याच्या घरी आली आणि त्यांनी पाच पौंडांच्या नोटा टेबलावर मांडल्या. बॉस्टन स्वतः ही हकिकत सांगत आला आहे, की मुलाला जाऊ द्यायचे नाही म्हणून आईने मुद्दाम दुप्पट रक्कम सांगितली, तीन हजार पौंड, आणि पाहुण्यांनी ती तत्काळ मान्य केली. त्या क्षणी युनियनची दारे त्याला जन्मभरासाठी बंद झाली, हे खरे. लीगकडून पैसा घेणाऱ्याला त्या काळी युनियनवाले वाळीत टाकत, आणि हा बहिष्कार १९९५ पर्यंत उठला नाही. परंतु त्याच वर्षाच्या शरद ऋतूत विगनच्या दुय्यम संघातून हा मुलगा पहिल्यांदा खेळला, तेव्हा राखीव खेळाडूंचा तो सामना पाहायला आठ हजारांहून अधिक लोक विगनच्या सेंट्रल पार्क मैदानावर लोटले. त्यांनी त्याचा वंश विचारला नाही. आपला नवा विंगर कसा धावतो ते पाहायला ते आले होते."

"आणि तो कसा धावत होता?" भाऊसाहेबांनी विचारले. प्रश्नात आव्हान नव्हते. त्यांना खरोखर ऐकायचे होते.

गुरुजींची मुद्रा पालटली. ज्या विषयात आयुष्य गेले त्यावर बोलताना माणसाच्या वाणीला जो ओघ येतो तो त्यांच्या वाणीला आला. "विंगरचे काम आडबाजूचे असते. डाव्या वा उजव्या सीमारेषेलगत त्याची जागा. चेंडू मधल्या खेळाडूंच्या हातांतून फिरत त्याच्यापर्यंत पोहोचेतो प्रतिपक्ष सरकत येऊन त्याला रेषेकडे दाबू पाहतो, आणि मग त्याच्यापुढे हातभर पट्टी उरते. त्यातून गोलरेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय. त्या काळी त्याचे तीन गुण मिळत. शिवाय १९६६ पर्यंत टॅकलांना मर्यादा नव्हती, एक संघ चेंडू राखून बराच वेळ पुढे रेटत राहू शके, आणि विंगरवर थंडीत ताटकळण्याची पाळी येई. बॉस्टन ताटकळत नसे. तो आपली जागा सोडून आत येई, गर्दीत शिरून चेंडू मागून घेई. आपल्या कबड्डीत कोपऱ्यावरची साखळी आवळत आली असता निष्णात चढाईपटू जसा मागे न सरता तिच्या सर्वांत बळकट कडीवरच झेप घेतो, तसा तो टॅकल करणाऱ्याच्या अंगावर जाई आणि शेवटच्या पावलाला कंबर अशी वळवी की पकडणाऱ्याच्या हाती वारा लागे. तेही न साधले तर तळहाताचा एक धक्का पुरे होई. आरंभी तो सडपातळ व विलक्षण चपळ होता. वयाबरोबर वजन पुष्कळ वाढले, आणि त्याने धावण्याची रीतच बदलली. अनेक विंगर वेग गेला की संपतात, याने वेगाच्या जागी भार आणला. बचावातही त्याचा टॅकल असा असे की समोरचा विंगर पुढच्या वेळी चेंडू घेताना आधी त्याच्याकडे पाही. त्याच्या आतल्या बाजूला एरिक ॲश्टन हा सेंटर, पुढे विगनचा कर्णधार; या जोडीचे एकमेकांना समजणे पाहायला लोक मैलोगणती येत. विगनसाठी ४८८ सामन्यांत ४७८ ट्राय, एकूण कारकीर्दीत ५६२ सामन्यांत ५७१. ब्रिटनमधल्या रग्बी लीगच्या इतिहासात त्याच्या पुढे एकटा ऑस्ट्रेलियन ब्रायन बेव्हन आहे. चॅलेंज कप १९५८, १९५९ आणि १९६५ साली, १९६० साली अजिंक्यपद, त्याच वर्षी ग्रेट ब्रिटनबरोबर विश्वचषक."

"आणि १९५४ चा दौरा सांगा," भाऊसाहेब स्वतःच म्हणाले. "तो मला तुमच्याइतकाच प्रिय आहे."

"विगनच्या पहिल्या संघातून जेमतेम सहा सामने खेळलेला हा एकोणीस वर्षांचा मुलगा ग्रेट ब्रिटन संघाच्या ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड दौऱ्यासाठी निवडला गेला. त्या दौऱ्यांवर त्याच्या आधी कोणीही कृष्णवर्णीय गेला नव्हता, आणि ऑस्ट्रेलियात तर तेव्हा गोऱ्यांखेरीज इतरांना वसू न देण्याचे सरकारी धोरणच चालू होते. त्याने ३६ ट्राय केले. दौऱ्यावरचा तो नवा विक्रम ठरला. न्यूझीलंडविरुद्धच्या एका कसोटीत चार."

"आता त्या आधीचा एक दौरा आठवा," भाऊसाहेब म्हणाले. "१९४६ साली रॉय फ्रान्सिस हा वेल्सचाच कृष्णवर्णीय विंगर उत्तम खेळत असूनही ऑस्ट्रेलियाला नेला गेला नाही, आणि यजमानांच्या वर्णधोरणाचा मुलाहिजा राखला गेला असे त्या खेळाचे इतिहासकारच सांगतात. आणि नंतरचे १९५७ हे साल आठवा. विश्वचषकासाठी ग्रेट ब्रिटनचा संघ ऑस्ट्रेलियाला गेला, त्यात बॉस्टन होता. परतताना त्या संघाने फ्रान्सच्या संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेत प्रदर्शनीय सामने खेळण्याचे ठरले होते. तेथे वर्णभेदाचा कायदा. बॉस्टनला सहकाऱ्यांबरोबर एका छताखाली राहता आले नसते. तो एकटा घरी परतला. संघ दक्षिण आफ्रिकेला गेला आणि सामने खेळला. तुम्ही ज्या खेळाला गरिबांचा व कामगारांचा खेळ म्हणता, गुरुजी, त्याच्या चालकांना त्या दिवशी एवढे म्हणता आले असते, की आमचा विंगर जेथे येऊ शकत नाही तेथे आम्हीही येत नाही. युनियनवाल्यांनी त्याला दारात घेतले नाही. लीगवाल्यांनी घेतले, आणि प्रसंग आला तेव्हा एकटे सोडले. कोणता अपराध मोठा हे मी अजून ठरवू शकलेलो नाही."

यावर गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "याचे समर्थन माझ्यापाशी नाही, आणि मी करणारही नाही. फक्त त्याच वर्षाच्या अखेरीची एक गोष्ट यापुढे ठेवतो. दक्षिण आफ्रिकेच्या युनियन संघातून खेळलेला टॉम व्हॅन व्होलेनहोव्हन हा गोरा विंगर १९५७ च्या ऑक्टोबरात सेंट हेलेन्सला आला. सेंट हेलेन्स आणि विगन ही शेजारची गावे आणि हाडवैरी. पुढची अनेक वर्षे त्या दोन गावांच्या सामन्यांत वर्णभेदाच्या देशातला हा गोरा आणि टायगर बेमधला तो कृष्णवर्णीय एकाच मैदानात बरोबरीने खेळले. कोण मोठा विंगर यावर दोन गावे भांडत राहिली, आणि त्या भांडणात ज्या राजवटीने बॉस्टनला येऊ दिले नाही तिचा कायदा कवडीमोल झाला. चॅलेंज कपच्या १९६१ च्या अंतिम सामन्यात व्हॅन व्होलेनहोव्हनचा ट्राय, सेंट हेलेन्स १२, विगन ६. विगनची म्हातारी माणसे आजही त्याबद्दल हळहळतात, पण बोलतात ते खेळाविषयी. हे चालकांच्या हातून घडले नाही. चेंडू आणि प्रेक्षक यांच्या हातून घडले."

"प्रेक्षकांचे प्रेम हे न्यायाची जागा घेऊ शकते काय?" भाऊसाहेबांनी विचारले, आणि लगेच आणखी एक प्रश्न पुढे केला, जो मला त्यांच्या साऱ्या प्रतिपादनात अधिक मूलगामी वाटतो. "फ्रान्सिस विंगर, फ्रीमन विंगर, बॉस्टन विंगर, क्लाइव्ह सलिव्हन विंगर. धावणारे पाय यांचे, पण डाव आखण्याच्या जागा, मधल्या, निर्णयाच्या, त्या बहुधा दुसऱ्यांच्या. कृष्णवर्णीय म्हणजे वेग, ही समजूत स्तुतीच्या वेषात आली तरी तीही एक सीमारेषाच आहे."

"ही शंका मी टाळणार नाही," गुरुजी म्हणाले, "कारण शिक्षक म्हणून मीही मुलांना अंगयष्टी पाहून जागा दिल्या आहेत, आणि तेथे पूर्वग्रह किती सहज शिरतो हे मला ठाऊक आहे. पण लीगचा दाखला तुम्ही म्हणता तितका एकसुरी नाही. बॉस्टन सेंटरला खेळला, स्टँड-ऑफच्या डाव आखण्याच्या जागीही खेळला. कॉलिन डिक्सन त्याच कार्डिफचा, तो आघाडीच्या फळीत नामवंत झाला. आणि ज्याला १९४६ साली मागे ठेवले तो रॉय फ्रान्सिस पुढे हल क्लबचा प्रशिक्षक झाला. ब्रिटनमधल्या व्यावसायिक खेळात त्याच्या आधी कोणा कृष्णवर्णीयाला असा अधिकार मिळाला नव्हता. त्याच्याच अमदानीत, १९६१ साली, सलिव्हन हलला आला. लहानपणी पायांवर शस्त्रक्रिया झालेल्या या कार्डिफच्या मुलाला नीट चालता तरी येईल की नाही याची डॉक्टरांना शंका होती. १९७२ साली तो विंगवरूनच ग्रेट ब्रिटनचे नेतृत्व करत होता. कोणत्याही खेळातील ब्रिटिश राष्ट्रीय संघाचा तो पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. विश्वचषकाच्या लिऑन येथील अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध जवळजवळ सारे मैदान एकट्याने पार करून त्याने ट्राय केला, सामना १०-१० असा बरोबरीत सुटला, आणि आधीच्या कामगिरीवर चषक ब्रिटनला मिळाला. तो चषक ब्रिटनला वा इंग्लंडला पुन्हा लाभलेला नाही. बेचाळिसाव्या वर्षी कर्करोगाने तो गेला तेव्हा हलने शहरात येणाऱ्या हमरस्त्याला त्याचे नाव दिले. ज्या शहरांनी हे केले त्यांना मी अन्यायाच्या खात्यात घालणार नाही."

"त्या शहरांना मीही घालत नाही. माझी फिर्याद कार्डिफवर आहे."

"मग कार्डिफनेही २०२३ च्या जुलैत काय केले ते सांगतो. बॉस्टन, सलिव्हन आणि कार्डिफचाच जुना लीग खेळाडू गस रिस्मन या तिघांचा ब्राँझचा पुतळा कार्डिफ बेमध्ये उभा राहिला, आणि तो उभा करण्याची मागणी ब्यूटटाउनच्या रहिवाशांनीच लावून धरली होती. बॉस्टन त्या समारंभाला उपस्थित होता. १० जून २०२५ रोजी बकिंगहॅम राजवाड्यात राजे चार्ल्स यांनी त्याला 'सर' हा किताब दिला. रग्बी लीगच्या १३० वर्षांत हा मान मिळालेला तो पहिला खेळाडू. तेव्हा त्याचे वय नव्वद वर्षांचे होते आणि स्मृतिभ्रंशाचे निदान होऊन बरीच वर्षे झाली होती."

"शेवटचे वाक्य तुम्ही माझ्या बाजूने बोललात, गुरुजी," भाऊसाहेब म्हणाले, आणि गुरुजींनी ते नाकारले नाही.

आता माझे मत. वेल्सवरील फिर्याद शाबीत झाली आहे असे मी मानतो, आणि गुरुजींची कैफियत कितीही सुंदर असली तरी ती त्या फिर्यादीचे उत्तर होऊ शकत नाही. कारण विगनमध्ये जे वैभव उभे राहिले त्याचे श्रेय बॉस्टनचे, त्याच्या आईचे, ॲश्टनसारख्या सहकाऱ्यांचे आणि सेंट्रल पार्कवर उभ्या राहणाऱ्या सामान्य माणसांचे आहे, ज्यांनी त्याला दारातून परत पाठवले त्यांचे नाही. पण भाऊसाहेबांनाही माझे एक सांगणे आहे, की विगनने बॉस्टनला आसरा दिला आणि त्यावर तो जगला, असे कोणी समजू नये. १९६८ साली विगनकडून शेवटचा सामना खेळून, ब्लॅकपूल बरोकडून थोडे सामने खेळून तो थांबला, तेव्हा कार्डिफला परत जाण्याची मोकळीक त्याला होती. तो सेंट्रल पार्कलगतचे ग्रिफिन हे मद्यगृह चालवीत त्याच गावी राहिला. ती निवड त्याची स्वतःची होती, आणि कोणत्याही अन्यायाच्या इतिहासात ती निवड गाळली जाऊ नये.

वेल्सच्या रग्बी युनियन संघातून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू १९८० च्या दशकात मैदानात उतरला. बॉस्टनने खेळ सोडून तोवर दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता.